पर्ड्यूचा 2023-24 चा बास्केटबॉल सीझन: पास घ्यावा का? घ्या, पण मॅच हॉलमध्येच बघा

साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो फायनलपायी, ते खाली येईलच.

ऑगस्टमध्ये पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकायला वेस्ट लाफायेतला (अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात) उतरलेली आपली पोरं दरवर्षी ग्रुपवर हेच विचारतात, बास्केटबॉलचा स्टुडंट पास घ्यावा का, की तेवढ्या पैशात किराणा भरावा. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक फेकता येईल. मी बोलतोय ते पुरुषांच्या टीमच्या 2023-24 च्या सीझनबद्दल. 34 जिंकल्या, 5 हरल्या, आम्ही ज्या लीगमध्ये खेळतो त्या बिग टेनचं टायटल सलग दुसऱ्या वर्षी, आणि 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार टीमांत. हे वाचूनच कोणीही म्हणेल की मग विचारता काय, घ्या की. पण त्या सीझनला जी मजा आली ती का आली हे कळायला आधीच्या वर्षीची एक रात्र माहीत पाहिजे.

17 मार्च 2023. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी, मार्चमध्ये देशभरातल्या 68 कॉलेज टीमांची नॉकआउट असते, एक मॅच हरलात की बॅग भरायची. चार गट, प्रत्येकात 1 ते 16 नंबर, आणि पहिल्या राउंडला 1 नंबरवाला 16 नंबरवाल्याशी खेळतो म्हणजे जवळजवळ बायच मिळाला असं समजायचं. 2018 पर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत 16 नंबरवाला कधीच जिंकला नव्हता, त्या वर्षी व्हर्जिनिया हरली आणि यादीत दुसरं नाव लागलं ते आमचं. फेअरली डिकिन्सन नावाच्या न्यू जर्सीतल्या कॉलेजनं 63-58 नं घरी पाठवलं. आणि टीम कसली, तर डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, सरासरी उंचीला सगळ्यात बुटकी! स्वतःच्या लीगची फायनलसुद्धा ते एका पॉइंटनं हरलेले, पण जिंकलेली टीम नियमात बसत नव्हती म्हणून यांना एंट्री मिळाली होती. त्याच्या आधी 2022 ला 15 नंबरच्या सेंट पीटर्सनं काढलं, 2021 ला 13 नंबरच्या नॉर्थ टेक्सासनं. तीन वर्षं ओळीनं मार्चमध्ये तोंड लपवायची वेळ. इंडियाना युनिव्हर्सिटीत (आमची जुनी वैरी) कोणी ओळखीचं असेल तर त्याचा फोन जून उजाडेपर्यंत उचलायचाच नाही, एवढं टोमणे मारायचे लोक.

त्या रात्रीचा एक आकडा लक्षात ठेवा, 26. पर्ड्यूनं 26 थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, मारल्या आणि त्यातल्या 5 पडल्या. समोरच्यांनी सगळी गर्दी आमच्या उंच पोराभोवती केली आणि बाकीच्यांना मोकळं सोडलं, मारा काय मारायचं ते. आणि यांना पाडता येईना.

आता तो उंच पोरगा. झॅक ईडी, 7 फूट 4 इंच, वजन 300 पौंड, टोरंटोचा. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलला हात लावला तो हायस्कूलमध्ये, तोही उशिरा. त्यामुळे कॉलेजला येताना देशाच्या रँकिंगमध्ये चारशेच्याही खाली होता, मोठ्या कॉलेजांपैकी फारशा कोणी बघितलं नाही. पर्ड्यूनं घेतला, आणि 2023 ला तोच देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, 2024 ला पुन्हा तोच. सलग दोन वर्षं हा मान मिळणं हे राल्फ सॅम्पसननंतर, म्हणजे 1983 नंतर कोणाला जमलं नव्हतं.

आणि आपल्या लोकांना याच्याबद्दल वेगळीच माया का, तर गडी एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावर होता. हो, तोच आपला एफ-वन. 2021 पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे घ्यायची परवानगी मिळाली, पोरं लाखो डॉलर छापतायत, आणि देशातला एक नंबरचा खेळाडू मात्र इथे बसून जाहिरात केली तर ते काम धरतील आणि व्हिसाची भानगड होईल म्हणून गप्प. आम्ही लॅबमध्ये व्हिसाच्या मर्यादेतले आठवड्याचे वीस तास मोजत बसायचो तेव्हा एवढंच समाधान की तो माणूसही आपल्याच रांगेत आहे, फक्त रांगेत उभा राहिला की त्याचं डोकं लांबून दिसतं. 2023 मध्ये तो एनबीएच्या (प्रोफेशनल लीग) ड्राफ्टसाठी, म्हणजे तिथल्या टीमा नवीन खेळाडू निवडतात त्यासाठी, नाव देऊन आला होता, मग नाव मागे घेतलं आणि चौथं वर्ष खेळायला परत आला. फेअरली डिकिन्सनचा डाग घेऊन जायचं नव्हतं असं इथे सगळे म्हणतात, मला तरी ते पटतं.

टीमचा खेळ कसा, तर अगदी सरळ. ब्रेडन स्मिथ बॉल घेऊन येणार, ईडी रिंगच्या जवळ पाठ देऊन उभा राहणार, बॉल त्याच्याकडे. एकट्यानं अडवलंत तर तो वळून एका हातानं डोक्यावरून हुक टाकतो किंवा बॉल सरळ रिंगमध्ये दाबतो, दोघं तिघं धावलात तर बाहेर मोकळा झालेला फ्लेचर लॉयर नाहीतर मेसन गिलिस थ्री मारणार. दोन्हीकडून तुम्हीच मेलात. टीव्हीवर हे बघायला खरं सांगू का, बोअर होतं. बॉल ईडीला, फाउल, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट), जाहिरात, परत बॉल ईडीला, फाउल, फ्री थ्रो. सोशल मीडियावर लोक शिव्या घालायचे की हा काय खेळ आहे, उंची आहे म्हणून चाललंय. आणि टीव्हीवर फक्त बॉल दिसतो म्हणून तसं वाटणं साहजिक आहे.

हॉलमध्ये बसलात की बॉल नसताना काय चाललंय ते दिसतं. दर पझेशनला, म्हणजे बॉल आमच्याकडे आला की, कोणीतरी दोन्ही हात आणि छाती त्याच्या पाठीला लावून, बंद पडलेल्या एसटीला धक्का मारतात तसं, रिंगपासून लांब ढकलत असतो आणि हा इंच इंच मागे सरकत आपली जागा घेतो. उडी फारशी मारतच नाही. बॉल येण्याआधीच पाय नीट रोवलेले, एक खांदा दारासारखा बंद, एक हात वर, आणि स्मिथचा पास बरोबर त्या हाताच्या वर, जिथे दुसऱ्या कोणाचं बोट पोचणार नाही तिथे. अर्धी मेहनत पास यायच्या आत झालेली असते. ते एकदा दिसायला लागलं की मग बॉल कुठे आहे ते बघायचं तुम्ही सोडूनच देता, फक्त त्या दोघांची कुस्ती बघत बसता. सीझनची सरासरी 25.2 पॉइंट आणि 12.2 रिबाउंड (हुकलेला शॉट परत पकडणं), ती अशी मिळवलेली आहे, नुसत्या उंचीवर नाही.

बरं, मॅकी अरीना, म्हणजे आमचा हॉल. 1967 ची इमारत, गोल, साधारण 14,800 माणसं बसतात, वरून ॲल्युमिनियमचं छत. त्या छतामुळे आवाज बाहेर जातच नाही, वर जाऊन परत तुमच्याच डोक्यावर पडतो. पहिली मॅच झाली तीच यूसीएलए विरुद्ध, त्यांचे कोच जॉन वुडन, जे स्वतः पर्ड्यूचे माजी खेळाडू, आणि आपल्याच कॉलेजचं नवीन घर बघायला येऊन दोन पॉइंटनं जिंकून गेले. स्टुडंट सेक्शनचं नाव पेंट क्रू, कोच मॅट पेंटरच्या नावावरून. इथे बसायला खुर्ची असते पण बसत कोणी नाही हे आधीच सांगतो, दोन तास उभं राहायचं, त्यामुळे पायात बरे शूज घाला. जानेवारीत बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत घामाची आंघोळ, जॅकेट कुठे ठेवायचं हा या शहरातला मोठा प्रश्न आहे. बास्केटबॉलचे नियम येत नसतील तरी चालतं, पहिल्या दहा मिनिटांत शेजारचा कोणीतरी अनोळखी गोरा आजोबा किंवा सोनेरी रंग फासलेलं पोरगं न विचारता सगळं समजावून सांगतं. इंडियानात हे लोक बास्केटबॉलबद्दल जसं बोलतात ते ऐकलं की आपल्याकडचे कट्ट्यावरचे क्रिकेटवाले काका आठवतात, फक्त यांना दुसऱ्या शहरातल्या हायस्कूलच्या पोरांची नावंसुद्धा पाठ असतात.

त्या सीझनला मॅकीत एकही मॅच हरले नाहीत. म्हणजे पास घेतलेल्या माणसानं पराभव बघितलाच नाही, याहून जास्त वॉरंटी कोण देणार. इंडियानाला त्यांच्या घरी 87-66 आणि आमच्या घरी 79-59, दोन्ही वेळा वीसच्या वर-खाली, त्या दोन स्कोअरवर अख्खा हिवाळा निघाला. नॉर्थवेस्टर्नवाली मॅच ओव्हरटाइमला 105-96 जिंकली, त्यात आम्हाला 46 फ्री थ्रो आणि त्यांना 8, त्यांचा कोच इतका भडकला की शेवटी रेफरीनं बाहेरच काढला. आम्ही ओरडत होतो खरं, पण त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हा विचार पार्किंगमध्ये येऊन केलाच. दोघांपैकी कोणाचं बरोबर? ईडीला दर वेळी खरंच फाउल होत होता, आणि त्याच्याकडूनही होणारे काही दिले जात नव्हते, दोन्ही खरं आहे.

घराबाहेरचा हिशोब वेगळा. नोव्हेंबरमध्ये माउईची स्पर्धा, जी त्या वर्षी लहैनाच्या वणव्यामुळे होनोलुलूला हलवली होती, तिथे गोंझागा, टेनेसी आणि मार्केट (Marquette) अशा तिन्ही तगड्या टीमा हरवल्या. डिसेंबरमध्ये टोरंटोत अलाबामाला, ईडीच्या गावात, त्याचे 35 पॉइंट. मग इंडियानापोलिसला एक नंबरवर असलेल्या ॲरिझोनाला 92-84. हे सगळं झालं आणि जानेवारीत नेब्रास्कात जाऊन 88-72 असा मार खाल्ला, केसेई तोमिनागा नावाचा जपानी पोरगा कुठूनही थ्री टाकत होता आणि पडत होत्या. नॉर्थवेस्टर्न आणि ओहायो स्टेटलाही त्यांच्या घरी हरलो. ओहायो स्टेटनं तर त्याच आठवड्यात कोच काढला होता, हंगामी माणसाच्या हाताखाली खेळून आम्हाला हरवलं. पाचपैकी एकही पराभव मॅकीत नाही, म्हणजे ही टीम स्वतःच्या आवाजात वेगळी आणि दुसऱ्याच्या आवाजात वेगळी, ही शंका तेव्हाच यायला हवी होती असं आता म्हणणं सोपं आहे.

एक तक्रार, टीमबद्दल नाही. अवे मॅचेस कधी या चॅनेलवर, कधी त्या ॲपवर, कधी तिसऱ्याच. एका ॲपचं तर मी महिन्याचं सबस्क्रिप्शन फक्त एका मॅचसाठी घेतलं आणि शेवटच्या दोन मिनिटांत ते गोल गोल फिरत बसलं, शेजारच्या अपार्टमेंटमधून ओरडा आला तेव्हा कळलं काय झालं ते. कॅन्सल करायचं बटण शोधण्यात मॅचपेक्षा जास्त वेळ गेला. त्यामुळे पास घेताना असं समजू नका की आता सगळा सीझन मिळाला, अर्धाच मिळतो, उरलेल्यासाठी कोणाच्या तरी घरी केबल आहे का ते बघून ठेवा आणि त्याच्याशी चांगलं वागा.

मार्च आला. पहिल्या दोन मॅच इंडियानापोलिसला, म्हणजे तासाभरावर, अर्धं कॅम्पस तिकडेच. ग्रॅम्बलिंग स्टेट, 16 नंबर. वर्षभर सगळ्यांच्या पोटात गोळा होता तो याच मॅचचा. 78-50, ईडीचे 30 पॉइंट आणि 21 रिबाउंड, संपला विषय. युटा स्टेट 106-67, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डेट्रॉइटला गोंझागा 80-68, ब्रेडन स्मिथचे 15 असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते ते). हा पोरगा सहा फुटांचा, इंडियानातल्याच वेस्टफील्डचा, आणि माझ्या मते सीझनमधला सगळ्यात कमी कौतुक झालेला माणूस. सगळे ईडीचे हात बघतात, त्या हातात बॉल ठेवला कोणी?

आणि मग टेनेसी, 31 मार्च. ही एक मॅच पाच नाही सहा स्टारची. त्यांचा डाल्टन क्नेक्ट काही केल्या थांबेना, 37 पॉइंट. आमच्याकडून ईडीचे 40 आणि 16 रिबाउंड. दोघंच खेळतायत आणि बाकीचे आठ बघतायत असं वाटावं इतकं. शेवटच्या मिनिटात क्नेक्ट आत घुसून लेअप टाकायला गेला आणि ईडीनं तो वरच्या वर अडवला, दिवसभर 40 टाकून झाल्यावर, पायात काय उरलं असेल देव जाणे. 72-66. चव्वेचाळीस वर्षांनी फायनल फोर. जिंकल्यावर रिंगची नेट कापायची पद्धत असते, सगळे शिडीवर चढून कापतात, यानं जमिनीवर उभं राहूनच कापली. रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांनी सीझनभर एकही मॅच बघितली नव्हती ते पण रस्त्यावर ओरडत होते, त्यात मेकॅनिकलचे दोन आपले पीएचडीवाले, ज्यांना मी हसताना आधी बघितलेलंच नव्हतं.

सेमीफायनल एनसी स्टेटशी, 63-50. त्यांचा डी. जे. बर्न्स स्पर्धेचा लाडका झालेला, गोलमटोल, हसरा, डाव्या हाताचा, पण ईडीपुढे त्याची डाळ शिजली नाही. मॅच म्हणून सुमार. जिंकलो एवढंच.

फायनल 8 एप्रिलला. त्याच दिवशी दुपारी इंडियानापोलिसवरून खग्रास सूर्यग्रहण गेलं, चष्मे घालून सगळे तिकडे पळाले होते, आणि रूममेटच्या आईनं फोनवर सांगितलं की ग्रहणाच्या दिवशी मोठं काही ठरवू नये. काकू, आम्ही नाही ठरवलं, कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएनं ठरवलं. समोर यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटी, आधीच्या वर्षीचे चॅम्पियन. ॲरिझोनात ग्लेंडेलला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये 74,423 लोक.

तर आता तो अर्धा स्टार. यूकॉनच्या कोच डॅन हर्लीनं काय केलं, तर अख्ख्या देशानं वर्षभर जे केलं त्याच्या उलट. ईडीवर 7 फूट 2 इंचाचा डोनोव्हन क्लिंगन एकटा सोडला आणि बाकी चौघांना सांगितलं की काही झालं तरी आपला माणूस सोडायचा नाही, मदतीला धावायचं नाही, ईडीनं टाकले तर टाकू दे. ईडीनं टाकले, 37. पण बाहेर कोणी मोकळाच होईना. वर्षभर चाळीस टक्क्यांच्या आसपास थ्री पाडणारी टीम, जी या बाबतीत देशात अगदी वरच्या नंबरांत होती, तिला त्या रात्री 7 थ्री मारायला मिळाल्या आणि 1 पडली. आदल्या वर्षी 26 मारायला मिळाल्या तेव्हा पडत नव्हत्या, वर्षभर घासून पाडायला शिकले तेव्हा 7 च मिळाल्या. 75-60. आमचे एकूण 60, त्यातले 37 एकाचे, म्हणजे बाकी सगळ्यांचे मिळून 23.

हाफटाइमला 36-30 होतं, तेव्हा काहीतरी बदल करायला पाहिजे होता हे आमच्या सोफ्यावरून तरी स्पष्ट दिसत होतं. लान्स जोन्स, जो सदर्न इलिनॉयवरून त्याच वर्षी आला होता, तो एकच असा की स्वतःच्या जोरावर शॉट तयार करेल, त्याच्या हातात बॉल जास्त द्यायला हवा होता, ईडीला जरा वर आणून क्लिंगनला रिंगपासून लांब ओढायला हवं होतं. पेंटरनं तेच चालू ठेवलं जे वर्षभर चाललं होतं. हा कोच मला फार आवडतो, पण ज्या हट्टानं इथवर आणलं त्याच हट्टानं तिथे अडकवलं असं माझं मत आहे, ग्रुपवर यावरून भांडण झालेलं आहे आणि अजून मिटलेलं नाही. समोरची बाजू अशी की यूकॉन त्या वर्षी कोणाच्याच बापाला ऐकत नव्हती, आणि तेही खोटं नाही, सलग दुसरं टायटल घेतलं त्यांनी, 2007 च्या फ्लोरिडानंतर पहिल्यांदा कोणी.

पेंटरचं एक मात्र मान्य केलं पाहिजे. सध्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पोरं दर उन्हाळ्यात कॉलेज बदलतात, जिथे पैसे जास्त तिथे. इथे ईडी चार वर्षं राहिला, गिलिस पाच, अर्धी टीम इंडियानातल्याच गावांमधली. त्यामुळे पास घेतलात की ज्यांच्या नावानं ओरडता ते पुढच्या वर्षीही दिसायची शक्यता असते. स्मिथ, लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन तिघंही फायनल हरल्यावर परत आले. ईडी 2024 च्या ड्राफ्टमध्ये मेम्फिसनं नवव्या नंबरला घेतला, तो गेला हे बरंच झालं, व्हिसाचं तरी सुटलं असेल.

पास कोणी घेऊ नये, ते पण सांगतो. ज्यांना गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होतो, ज्यांची आठवड्याच्या मधल्या रात्री लॅब असते (मॅच बऱ्याचदा मंगळ-बुधवारी येतात), आणि ज्यांना फक्त फोटो टाकायचाय. फोटोसाठी एखादी डिसेंबरची लहानशा कॉलेजबरोबरची मॅच बघा, तिकीट कोणीतरी विकत असतंच. इंडियाना किंवा मिशिगन स्टेटच्या वेळी मात्र कोणाकडे मागू नका, सख्खा मित्र पण देणार नाही.

जुन्या मॅच बघायच्या असतील तर टेनेसी पूर्ण बघा, ॲरिझोनाचा दुसरा हाफ बघा, गोंझागावाली फक्त स्मिथसाठी बघा. फायनल बघायची तर बॉलकडे न बघता कोपऱ्यात उभ्या असलेल्या लॉयरकडे आणि त्याला चिकटलेल्या माणसाकडे बघा, सगळी मॅच तिथेच आहे. नेब्रास्का सोडून द्या.